सिमला ऑफिस आणि हवेचे मजले

पुण्यातल्या शिवाजीनगरात एक दगडी इमारत आहे. तिच्यावर घड्याळाचा मनोरा आहे आणि तिला सगळे ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बसचा थांबा त्या नावाचा, चौक त्या नावाचा. रिक्षावाल्याला ‘हवामान खात्यात जायचे आहे’ असे सांगितले तर तो क्षणभर थांबतो; ‘सिमला ऑफिस’ म्हटले की मुकाट्याने मीटर टाकतो. हिमालयातल्या एका थंड गावाचे नाव दख्खनच्या पठारावरील चौकाला कसे चिकटले, याचे उत्तर एका ओळीचे आहे. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि येताना गावाचे नाव बरोबर घेऊन आले. पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले; नाव मात्र इथेच राहिले.

या एका ओळीपाशी मी थांबलो असतो तर बरे झाले असते, कारण पुढची काही वर्षे मी खात्याच्या जुन्या प्रकाशनांच्या आणि हवामानशास्त्राच्या इतिहासाच्या नादी लागलो. कलकत्ता, सिमला, आग्रा, पुणे असा हा प्रवास आहे. या गावांमधून हिंडताना ती माणसे नेमके काय शोधत होती, हा माझा प्रश्न होता. पाऊस कधी येणार, हे तर उघडच. पण पावसाचा शोध घेता घेता त्यांना हवा वर चढून बघावी लागली. ज्या हवेत आपण श्वास घेतो, जिच्यात ढग होतात आणि वादळे उठतात, त्या खालच्या थराला शाळेच्या भूगोलात ‘तपांबर’ म्हणतात आणि त्याच्या वरच्याला ‘स्थितांबर’. परीक्षेपुरते पाठ केलेले हे शब्द. त्यांच्यामागे किती माणसांच्या किती रात्री आहेत, हे त्या पुस्तकात नव्हते.

आपल्याकडे पावसाची मोजणी नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापे द्रोणांत दिली आहेत, आणि अपरान्ताच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या, पावसाला मापच नाही असे म्हटले आहे. ज्याने हे लिहिले त्याला कोकणातला आषाढ नक्की कुणीतरी सांगितला असणार. वराहमिहिराने मेघांच्या गर्भधारणेचा विचार केला आणि गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस होतो असा हिशेब मांडला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू आणि त्यांची वाहने अजूनही पंचांगात असतात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर शेतकरी हसतो आणि तरीही वाचतो. या सगळ्यात निरीक्षण होते, स्मरण होते. परंतु जमिनीपासून वर गेल्यावर हवेचे काय होते, हे विचारण्याचे साधन कुणाहीपाशी नव्हते. युरोपातही नव्हते. हॅलेने १६८६ मध्ये व्यापारी वाऱ्यांचा आणि मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला, तो जहाजांवरच्या नोंदींवरून. म्हणजे समुद्राच्या पाठीवरून, शिडाच्या उंचीपर्यंत.

मराठीत हवामान खात्याला आपण ‘वेधशाळा’ म्हणतो. ‘वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी’ हा विनोद तर तीन पिढ्यांनी केलेला. पण वेध घ्यायचा तो ग्रहताऱ्यांचा. पावसाचा वेध कसला? त्याचे कारण मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली ती खगोलासाठी, जहाजांना वेळ देण्यासाठी. ताऱ्यांचे काम तिथे फारसे झालेच नाही. १८४१ पासून मात्र चुंबकत्वाच्या आणि हवेच्या नोंदी नेमाने होऊ लागल्या, आणि संस्थेचे काम बदलले तरी नाव तेच राहिले. त्या सुरुवातीच्या दिवसांत ऑर्लिबार यांच्या हाताखाली नागावचा एक तरुण कामाला होता : केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पंचांगशोधनासाठी आणि टिळकांचे गुरू म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. विशीही न गाठलेला एक मराठी मुलगा रात्री-अपरात्री दिव्याच्या उजेडात पाऱ्याची उंची वाचून वहीत उतरवतो आहे, हे चित्र मला केरूनानांच्या पुढच्या सगळ्या कीर्तीपेक्षा अधिक आवडते. आपल्याकडे आधुनिक हवामानशास्त्र आले ते असे, वहीतल्या रकान्यांतून.

खाते निघाले ते मात्र मृत्यूमुळे. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आले आणि हजारो माणसे समुद्राच्या लोंढ्यात गेली. दोन वर्षांनी ओरिसात दुष्काळ पडला. १८७५ मध्ये सरकारने खाते स्थापून हेन्री ब्लॅनफर्ड यांना त्याचे प्रमुख नेमले. ब्लॅनफर्ड भूशास्त्रज्ञ. त्यांची नेमणूक होऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच दख्खनमध्ये १८७६ चा दुष्काळ सुरू झाला. सोलापूर, विजापूर, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके ओस पडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावी माहिती गोळा करून सरकारला जी पत्रे आणि निवेदने पाठवली, ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. पाऊस का आला नाही, हा सभेचा प्रश्नच नव्हता. पाऊस आला नाही तेव्हा सारा का घेतला, मजुरी का कापली, धान्य का पोहोचले नाही, हे तिचे प्रश्न होते. सरकारी बाजूला त्याच वर्षी, १८७७ मध्ये, लॉकियर आणि हंटर हे दोघे सूर्यावरचे डाग आणि हिंदुस्थानातले दुष्काळ यांचा संबंध जोडत होते. दोष सूर्याचा ठरला तर कलेक्टरचा राहत नाही. हवामानशास्त्राचा इतिहास लिहिताना ही गोष्ट विसरली जाते म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

ब्लॅनफर्ड यांना स्वतःला डागांपेक्षा बर्फात रस होता. हिमालयात वसंतात बर्फ अधिक पडले, तर पुढचा पावसाळा रोडावतो, हे त्यांनी १८८४ मध्ये मांडले, आणि ४ जून १८८६ रोजी पावसाळ्याचा पहिला अधिकृत अंदाज निघाला. आपल्या वर्तमानपत्रांत दर एप्रिल-मे महिन्यात जी बातमी येते तिची ही पणजी. ब्लॅनफर्डांच्या मागून आलेल्या जॉन इलियट यांनी हे अंदाज लांबवले, त्यांत अनेक घटक घातले, आणि १८९९ साठी पाऊस चांगला होईल असे सांगितले. त्या वर्षी गुजरात, राजपुताना, खानदेश जळून गेले. गुजरात-राजस्थानात संवत १९५६ मुळे ‘छप्पनिया’ हे नाव आजही त्या काळाला आहे. १८७७ आणि १८९९ ही दोन्ही वर्षे देशात पावसाच्या नोंदी झाल्यापासूनच्या सर्वांत कोरड्या वर्षांत मोडतात. एका दुष्काळाच्या छायेत खाते उभे राहिले आणि दुसऱ्या दुष्काळाने त्याची अब्रू घेतली.

यानंतर १९०४ मध्ये आले गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचे गणिती, बूमरँग कसे परत येते यावर अभ्यास केलेले. हवामानाचा त्यांना गंधही नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी ‘मला हवेचे कारण कळत नाही, तेव्हा मी फक्त आकडे बघतो’ अशी भूमिका घेतली. (रामानुजनसाठी मद्रास विद्यापीठाला १९१३ मध्ये शिफारसपत्र लिहिणारे वॉकर हेच. हवामान खात्याने जगाला दिलेली ही देणगी कोणत्याही अहवालात नाही.) सिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकुनांची एक फळी बसवून त्यांनी जगभरच्या ठिकाणांच्या वायुभाराचे, तापमानाचे, पावसाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. यंत्रे नव्हती. कागद, टाक आणि माणसे. त्या आकड्यांतून त्यांना दिसले की पॅसिफिकवर वायुभार चढतो तेव्हा हिंदी महासागरावर उतरतो आणि उलटही होते. १९२४ मध्ये त्यांनी या झोक्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. आज ज्याला आपण एल निनो म्हणून ओळखतो, त्याचे हे हवेतले अर्धे अंग. उरलेल्या अर्ध्याशी, पॅसिफिकच्या तापलेल्या पाण्याशी, त्याची गाठ याकोब ब्यर्कनेस यांनी घातली तेव्हा १९६९ साल उजाडले होते. वॉकर तोपर्यंत हयात नव्हते. ज्या कारकुनांनी ते लाखो गुणाकार केले त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत.

वॉकर यांच्या कामाचे मोठेपण मान्य करूनही मला एक गोष्ट सतत जाणवत राहिली. ते सगळे आकडे जमिनीवरचे होते. मामलेदार कचेरीच्या आवारातले पर्जन्यमापक, वेधशाळेतला वायुभारमापक, सावलीतला तापमापक. घराच्या उंबऱ्यावर उभे राहून आत काय चालले आहे याचा तर्क करावा, तसे हे. वॉकर यांचा तर्क विलक्षण अचूक निघाला; पण घरात कुणी शिरले नव्हते.

शिरायचे तर वर जायला हवे. पॅरिसजवळच्या त्राप गावी लेऑं तेस्रां द बोर हे गृहस्थ स्वतःच्या पैशाने हायड्रोजनचे फुगे सोडत. फुग्याला तापमापक टांगलेला. वर जावे तसे थंड होते, किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी, हे माहीत होते. आणि असेच थंड होत होत अवकाशात पोहोचायचे, असा समज होता. त्यांच्या उपकरणांनी दाखवले की साधारण ११ किलोमीटरवर उतार थांबतो. त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना. वरच्या विरळ हवेत ऊन यंत्रालाच तापवत असेल, असे वाटून त्यांनी रात्री फुगे सोडले. तरी तेच. दोनशेहून अधिक फुग्यांनंतर, एप्रिल १९०२ मध्ये त्यांनी फ्रेंच अकादमीला हे कळवले. तीनच दिवसांनी बर्लिनमध्ये रिखार्ड आसमान यांनीही स्वतंत्रपणे तेच जाहीर केले. हवेला मजले आहेत हे तेव्हा कळले. खालच्या मजल्यावर गरम हवा वर जाते, थंड खाली येते, सतत ढवळाढवळ, ते तपांबर. वर शांतता, ते स्थितांबर. मधल्या छताला आपण तपस्तब्धी म्हणतो. भाषांतरकाराला दाद द्यावी असा हा शब्द आहे.

पण छत ११ किलोमीटरवर आहे हे पॅरिस आणि बर्लिनचे मोजमाप. आपले छत कुठे आहे?

त्यासाठी १९१४ मध्ये आग्र्याला उच्च वायू वेधशाळा स्थापन झाली. प्रमुख जे. एच. फील्ड, जे पुढे खात्याचेही प्रमुख झाले. आग्राच का, याचा विचार करताना मला एक साधे व्यावहारिक कारण दिसते. आग्रा समुद्रापासून दूर आहे. फुगा फुटून उपकरण खाली आले तर ते बुडणार नाही. शेतात, झाडावर, गावात कुठेतरी सापडेल. आणि ते सापडणे अत्यावश्यक होते, कारण त्या काळी उपकरण वरून काही कळवू शकत नव्हते. डाइन्स यांच्या रचनेचे ते यंत्र वजनाला अगदी हलके. तापमान आणि दाब यांप्रमाणे त्यातली सुई टपाल तिकिटाएवढ्या धातूच्या पत्र्यावर बारीक रेघ ओढी. आपटून मोडू नये म्हणून त्याभोवती बांबूच्या कामट्यांचा सांगाडा. सोबत चिठ्ठी : सापडल्यास परत करा, बक्षीस मिळेल. मग तो पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रेघ वाचायची. म्हणजे उष्ण प्रदेशातल्या आकाशाचे ज्ञान हे शेवटी कुण्या गुराख्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून होते. आकाशातून पडलेली, कोळ्यासारखी दिसणारी ही वस्तू पहिल्यांदा उचलताना त्याला काय वाटले असेल, हे कुणी लिहून ठेवायला हवे होते.

उपकरणाविना नुसते फुगेही सोडत, ते वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी. थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून मिनिटामिनिटाला फुग्याचा कोन टिपायचा आणि त्यावरून वरचा वारा कुठून कुठे वाहतो ते काढायचे. रात्री फुगा दिसणार कसा? त्याच्याखाली कागदाचा छोटा कंदील बांधत, आत मेणबत्ती. दिवाळी अंकाच्या वाचकाला यापेक्षा वेगळे काही सांगायला नको. आपण आकाशकंदील घरावर टांगतो. हवामान खात्याचा आकाशकंदील खरोखर आकाशात जाई, आणि एक माणूस तो ठिपका दिसेनासा होईतो मान वर करून बसे.

या फुग्यांनी पावसाळ्याबद्दल एक गोष्ट उघड केली. आपण ज्याला नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणतो, तो साधारण सहा किलोमीटर उंचीपर्यंतच पश्चिमेकडून येतो. त्याच्यावर वारा उलट आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे. आषाढात लोणावळ्याच्या घाटात उभे राहावे. अंगावर येणारे ढग कोकणातून देशावर चालले असतात. क्वचित त्यांना खिंडार पडते आणि वर, खूप वर, पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसतात. ते शांतपणे अरबी समुद्राकडे निघालेले असतात. पाऊस हा एका दिशेने येणारा पाहुणा नव्हे. त्याची खालून येण्याची आणि वरून परतण्याची वाट एकाच वेळी वाहती असते. वरच्या त्या परतीच्या वाटेवर पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत आहे, हे १९५८ मध्ये पी. कोटेश्वरम् यांनी दाखवले.

आता छताकडे. आग्र्याच्या आणि इतर ठिकाणच्या फुग्यांच्या नोंदी के. आर. रामनाथन् यांच्या हाती आल्या. रामनाथन् हे सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेतले. पाण्यातून विखुरणाऱ्या प्रकाशात काहीतरी अंधूक, अनपेक्षित दिसते हे १९२३ मध्ये टिपणाऱ्यांपैकी. पाच वर्षांनी त्याच वाटेवर रामन परिणाम सापडला. ते हवामान खात्यात आले आणि त्यांनी जगभरच्या फुग्यांच्या नोंदी एकत्र मांडून १९२९ मध्ये ‘नेचर’मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. निष्कर्ष ऐकून आजही नवखा माणूस चमकतो. पृथ्वीच्या या खालच्या वातावरणातली सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नाही. ती विषुववृत्तावर आहे. सुमारे १७ किलोमीटर उंचीवर, एका चपट्या कड्यासारखी ती पृथ्वीला वेढून बसलेली आहे आणि तिचे तापमान उणे ८० अंशांच्याही खाली जाते. कारण एकदा कळले की सोपे वाटते. जिथे जमीन आणि समुद्र सर्वाधिक तापतात, तिथे हवा सर्वांत जोमाने वर चढते. जितकी उंच चढते तितकी प्रसरण पावते आणि निवते. आपले छत उंच आहे म्हणूनच ते थंड आहे. पॅरिसच्या मापाने आपले घर मोजता येत नव्हते. उष्ण कटिबंधाचे हवामान म्हणजे युरोपच्या हवामानाची थोडी तापलेली आवृत्ती नव्हे, ही गोष्ट आकड्यांनिशी सांगणाऱ्या पहिल्या कामांत मी याची गणना करतो.

तोवर मुख्यालय पुण्यास आले होते. आणि इथे, सिमला ऑफिसच्या शेजारीच असलेल्या कृषी महाविद्यालयाच्या शेतात, गोष्ट पुन्हा जमिनीवर येते. अक्षरशः जमिनीवर, वीतभर उंचीवर.

१९३२ मध्ये खात्यात शेतीच्या हवामानाची शाखा सुरू झाली आणि तिचे प्रमुख झाले एल. ए. रामदास. हेही रामन यांचे विद्यार्थी. (नाव वाचून मराठी वाचकाला वेगळेच काही आठवेल, त्याला इलाज नाही.) रामदास यांचा मुद्दा शेतकऱ्याचा होता. हवामान खाते तापमान मोजते ते पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर. ही पेटी टॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृह बांधणाऱ्या अभियंत्याची रचना. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील. पेटी उत्तम आहे, जगभर एकसारखी आहे. पण गहू, हरभरा, कांदा चार फुटांवर राहत नाही. पीक राहते त्या उंचीवर हवा कशी असते, ते पेटीला माहीत नाही.

तेव्हा रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनी उघड्या जमिनीवर निरनिराळ्या उंचींवर तापमापक लावून स्वच्छ, निवांत रात्री मोजल्या. पुस्तकातला नियम असा : सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून निवते, तिला चिकटलेली हवा तिच्यामुळे निवते, वरची हवा त्यामानाने उबदार राहते. म्हणजे सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभाग, आणि तिथून वर उबारा. रामदासांना दिसले ते वेगळे. सर्वांत थंड हवा जमिनीला लागून नव्हती. ती फूटभर वर होती, कधी थोडी कमी, कधी थोडी जास्त. आणि ती जमिनीपेक्षा काही अंशांनी थंड होती.

हे कुणी मानायला तयार होईना, आणि न मानण्याची कारणे वाईट नव्हती. थंड हवा जड असते. ती उबदार हवेवर अधांतरी बसलीच कशी? खाली कोसळायला हवी. शिवाय जमिनीपेक्षा थंड हवेला थंड केले कुणी? तापमापक चुकले असतील. उताराने आजूबाजूची थंड हवा आत शिरली असेल. निरीक्षकाच्या अंगाची ऊब लागली असेल. उष्ण प्रदेशातल्या एका शेतात केलेल्या मोजणीकडे ज्या नजरेने पाहिले जाई, ती नजरही यात होती असे मला वाटते, पण तेवढेच कारण होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नियमाविरुद्ध जाणाऱ्या निरीक्षणाला शंकेतून जावेच लागते. फरक इतकाच की या निरीक्षणाला पंचवीस वर्षे जावे लागले. १९५० च्या दशकात राश्के या जर्मन संशोधकाने अधिक नाजूक उपकरणांनी पुण्यातच मोजणी केली आणि तिचे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. थर होता. इंग्लंडमध्येही तो आढळला. मग त्याला ‘रामदास थर’ हे नाव रूढ झाले.

आहे हे ठरले. का आहे हे ठरायला आणखी वेळ गेला. १९९३ मध्ये बंगळुरूचे रोद्दम नरसिंह आणि त्यांचे दोन सहकारी यांनी गणिती सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा की, हवा केवळ जमिनीच्या स्पर्शाने निवत नाही. ती स्वतःही उष्णता उत्सर्जित करते. जमिनीलगत या देण्याघेण्याचा हिशेब असा बसू शकतो की मधला पातळ थर जमिनीपेक्षाही लवकर निवावा. पुढे त्याच शहरात के. आर. श्रीनिवास यांच्या गटाने शेतात आणि प्रयोगशाळेत मोजणी करून या स्पष्टीकरणावर आक्षेप घेतला आणि जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवले. हे कण उष्णता झपाट्याने टाकतात आणि सभोवतालच्या हवेला निववतात. फूटभर हवेचा प्रश्न ऐंशी वर्षे चालला.

याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने जानेवारीत निफाडकडे जावे. ‘निफाडचा पारा पाच अंशांवर’ अशी बातमी येते तेव्हा तो पारा चार फुटांवरच्या पेटीतला असतो. खालच्या हवेत काय चालले आहे ते कांद्याच्या पातीला ठाऊक. दिंडोरी-निफाडचे बागायतदार थंडीच्या रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून धूर करतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर हिमकण जमल्याचे फोटो दरवर्षी छापून येतात, आणि त्याच दिवशीचे अधिकृत किमान तापमान शून्याच्या बरेच वर असते. लोकांना वाटते, वेधशाळा पुन्हा चुकली. ती चुकलेली नसते. तिने मोजलेली हवा आणि गवताची हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकेच. माझे मत विचाराल तर बातमीत ‘पेटीतले तापमान’ आणि ‘गवतालगतचे तापमान’ असे दोन आकडे छापायला हवेत. खात्याच्या अनेक केंद्रांत गवतावरचा तापमापक असतोच. त्याचा आकडा वर्तमानपत्रापर्यंत पोहोचत नाही.

पुढची कथा ओळखीची आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांना वरच्या हवेची माहिती तातडीने हवी होती. उपकरण गुराख्याला सापडेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता. तेव्हा फुग्याखाली छोटे रेडिओयंत्र टांगून ते वरूनच तापमान, दाब आणि आर्द्रता कळवू लागले. ही यंत्रे पुण्यात बनू लागली. १९४८ मध्ये सिमला ऑफिसात उपकरणांच्या विभागात अण्णा मणी आल्या. त्याही रामन यांच्याच प्रयोगशाळेतल्या. त्यांचा प्रबंध मद्रास विद्यापीठाने नाकारला होता, एम.एस्सी. नाही या कारणावरून. तो अपमान मनात धरून बसण्याऐवजी त्यांनी उपकरणांच्या अचूकतेचा ध्यास घेतला. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी त्यांची कडक शिस्त होती. एका प्रकाशभौतिकीच्या प्रयोगशाळेने हवामान खात्याला रामनाथन्, रामदास आणि मणी दिले. याचा अर्थ कुणी हवामानाच्या ओढीने आले असा नाही. पदार्थविज्ञान शिकलेल्या तरुणाला सरकारी नोकरीचे जे थोडे दरवाजे उघडे होते, त्यांतला हा एक होता. आपल्या विज्ञानाच्या इतिहासात पोटापाण्याच्या प्रश्नाने केलेली कामगिरी कुणीतरी स्वतंत्रपणे लिहायला हवी.

१९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती, तिचे हवामान केंद्र मुंबईत कुलाब्याला होते. त्याच वर्षी पुण्यात उष्णदेशीय हवामानाची स्वतंत्र संस्था निघाली. तिच्या नावातला ‘उष्णदेशीय’ हा शब्द मला रामनाथन् यांच्या त्या चपट्या थंड कड्याची आठवण करून देतो.

फुगे अजून सुटतात. जगभर ठरलेल्या वेळी, एकाच सुमारास. आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांच्या हिशेबाने. उपग्रह आले, रडार आले, संगणकावरची गणिते आली, तरी वरच्या हवेत प्रत्यक्ष जाऊन आलेल्या यंत्राचा आकडा त्या गणितांना लागतोच. फुगा तपस्तब्धी ओलांडतो, स्थितांबरात शिरतो, विरळ हवेत फुगत फुगत काही मीटर रुंद होतो आणि फुटतो. यंत्र छोट्या छत्रीने खाली येते. ते कुणाच्या तरी उसात किंवा गच्चीवर पडते, आणि दोन दिवसांनी स्थानिक पानावर ‘आकाशातून पडलेली संशयास्पद वस्तू, परिसरात खळबळ’ अशी बातमी येते. पोलीस पाटील येतात, पंचनामा होतो. पांढऱ्या डबीवर हवामान खात्याचे नाव आणि ही वस्तू निरुपद्रवी असल्याचे छापलेले असते. बक्षिसाचा उल्लेख मात्र आता नसतो. डबीने सांगायचे ते वरूनच सांगून टाकलेले असते.